घड्याळापेक्षा सत्तावीस मिनिटं मागे

या सहलीचं खूळ बाबांचं. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर तीच आकृती काढली. कललेली पृथ्वी, तिच्यावर पडणारे समांतर किरण आणि खाली '२२ डिसेंबर'. यंदा दिवाळीत फराळ करता करता म्हणाले, "मकरवृत्त मी खडूनंच बघितलंय. एकदा उन्हात बघायचंय." आई म्हणाली, "एवढ्या थंडीत भिंती बघायला कोण जाणार? तुम्हीच जा." मग मी, बाबा आणि सातवीतला माझा मुलगा असे तिघं निघालो. २२ तारखेला उज्जैन, तिथून जयपूर. जयपूर वसवणाऱ्या राजा सवाई जयसिंहाने बांधलेल्या पाच वेधशाळांपैकी दोन. बाकीच्यांपैकी दिल्ली आणि काशीच्या आहेत, मथुरेची मात्र आता शिल्लक नाही.

२१ डिसेंबर, उज्जैन

दुपारी पोचलो, सामान टाकलं, संध्याकाळी महाकालाच्या रांगेत दोन तास गेले. त्यानंतर लागलेल्या भुकेला जे मिळालं ते सांगते: गराडू. माळव्यात फक्त थंडीत मिळणारा कंद. सालं काढून, उकडून, जाड फोडी करून तळतात. मागितल्यावर पुन्हा एकदा कढईत सोडतात, कडा लाल झाल्या की द्रोणात काढून वर मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. बाहेरून कुरकुरीत, आत सुरणापेक्षा मऊ. मुलाने 'बटाटा आहे का?' असं विचारत चार द्रोण संपवले. मार्च-एप्रिलमध्ये उज्जैनला जाणाऱ्यांना हे मिळायचं नाही, त्यांनी पोहे-जिलबीवर समाधान मानावं.

२२ डिसेंबर, उज्जैन

वेधशाळा गावाच्या दक्षिणेला, क्षिप्रेच्या काठी. जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना त्याने ही बांधली. जागा उगीच निवडलेली नाही. आपल्या जुन्या ज्योतिर्गणिताचं मध्यरेखांश उज्जैनवरून जातं. ग्रीनिचच्या कितीतरी आधीपासून पंचांगकर्ते इथली मध्यान्ह धरून हिशेब करत आले.

आवार लहान आहे, बागेसारखं. जयपूरचे फोटो डोक्यात ठेवून गेलात तर सुरुवातीला हिरमोड होईल. सम्राट यंत्र जेमतेम बावीस फुटांचं. ही एक त्रिकोणी भिंत. तिची तिरकी कड ध्रुवाकडे रोखलेली, दोन्ही बाजूंना पाव वर्तुळाच्या आकाराच्या कमानदार पट्ट्या. भिंतीची सावली पट्टीवर जिथे पडते तिथली खूण म्हणजे त्या जागेची वेळ. मुलाने माझ्या फोनमधलं कोन मोजायचं अ‍ॅप उघडून लांबूनच फोन त्या कडेला समांतर धरला. तेवीस अंश! "उज्जैनचा अक्षांश," बाबा म्हणाले. "पुण्यात बांधलं असतं तर साडेअठरा अंशांचं, बरंच बसकं झालं असतं."

शेजारचं नाडीवलय यंत्र त्या दिवशी अर्धंच चालू होतं. त्याला दोन तबकड्या आहेत, एक उत्तरेला तोंड करून, एक दक्षिणेला. सहा महिने ऊन हिच्यावर, सहा महिने तिच्यावर. दक्षिणेकडची तबकडी झळझळत होती. उत्तरेकडची सप्टेंबरपासून सावलीत, आता मार्चमध्ये संपात आल्यावर, म्हणजे दिवस-रात्र सारखे झाल्यावर, तिला ऊन मिळणार.

पण बाबा आले होते शंकू यंत्रासाठी. गोल ओटा, मधोमध उभा शंकू आणि ओट्यावर कोरलेल्या सात रेषा. सूर्य बारा राशींतून फिरतो तसं सावलीचं टोक या सात रेषांमध्ये जात-येत राहतं. २२ डिसेंबरला ते सगळ्यात बाहेरच्या, उत्तरेकडच्या रेषेवर असतं.

अकराच्या सुमारास एक शाळेची सहल आली, बाईंनी पाच मिनिटांत सगळी यंत्रं दाखवून पोरांना बसमध्ये घातलं. ओट्याशी आम्ही उरलो आणि एक आजोबा. कानटोपी, हातात काठी, अंगात तपकिरी स्वेटर. आमचं बोलणं ऐकून पुढे आले. "महाराष्ट्रातले का हो तुम्ही?" त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात आले, तेव्हापासून घर इथलंच. मराठी अस्सल, पण मधूनमधून हिंदीचा टाका. "मी इथं रोज घूमायला येतो. २१ जूनला या तुम्ही, दुपारी सावली एकदम गायब होऊन जाते." बरोबरच आहे. उज्जैन कर्कवृत्तापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो.

ही वेधशाळा ओस पडली होती ती १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. आता तिचं नाव जिवाजी वेधशाळा. गोविंद सदाशिव आपटे इथे अधीक्षक होते. आजोबांनी हे आपल्या घरातलं सांगावं तसं सांगितलं. मग बाबांनी आपला पत्ता टाकला: जयसिंहाचे पंडित जगन्नाथ सम्राट, तेही मराठी असल्याचं सांगतात. त्यांनी अरबीवरून युक्लिडची भूमिती 'रेखागणित' नावाने आणि टॉलेमीचा ग्रंथ 'सम्राट सिद्धांत' म्हणून संस्कृतात आणला. दोन म्हातारे एकमेकांना अशी नावं ऐकवत असताना मी आणि मुलगा सावली धरून बसलो होतो.

ती खरंच रेषेवरून चालत होती. धावदोरा घालताना सुई कापडावर खुणेवरून जावी तशी. खडूने टोकाशी ठिपका दिला की दोन मिनिटांत टोक पुढे, पण रेषा सोडत नव्हतं. (ठिपके नंतर पाण्याने पुसले.) घड्याळात बारा वाजले तरी सावली उत्तर-दक्षिण झाली नव्हती. ती झाली बारा पंचवीसला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, उज्जैन पावणेशहात्तरला, दर अंशाला चार मिनिटं. उरलेला मिनिट-दीड मिनिट पृथ्वीच्या लंबवर्तुळी फिरण्याचा आणि कललेल्या आसाचा. त्या घटकेला सावलीची लांबी शंकूच्या उंचीपेक्षा जरा जास्त भरली. बाबांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. मी काही विचारलं नाही.

त्या दिवशी उज्जैनला दिवस १० तास ४१ मिनिटांचा. संध्याकाळी पावणेसहाला अंधारून आलं आणि आम्ही पुन्हा गराडूवर.

२३ डिसेंबर, गाडीत

उज्जैनहून जयपूरला थेट गाड्या आहेत. आमची धुक्यामुळे चार तास उशिरा आली, उत्तरेकडच्या हिवाळ्यात हे गृहीतच धरा. मागेपुढे एक दिवस मोकळा ठेवा, आम्हाला तोच उपयोगी पडला. गाडीत बाबांनी नकाशा उघडून एक गंमत दाखवली. उज्जैन आणि जयपूरच्या रेखांशात अंशाच्या दहाव्या भागाएवढाही फरक नाही. रूळ वळणावळणाने जात असले तरी आपण सरळ उत्तरेला चाललोय, पावणेचार अंश, म्हणजे चारशेवर किलोमीटर. "सांग, वेळ बदलेल का?" मुलगा म्हणाला, "नाही. तिरकी भिंत बदलेल." नातवाचं उत्तर ऐकून आजोबा स्टेशन येईपर्यंत खुशीत होते.

२४ डिसेंबर, जयपूर

सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत नाही. धुकं इतकं की रिक्षावाल्याने दिवे लावून आणि मान बाहेर काढून गाडी चालवली. जंतरमंतर, म्हणजे इथली वेधशाळा, नऊला उघडतं, आम्ही सव्वानऊला दारात. तिकीट काढून आत शिरलो आणि सम्राट यंत्रापाशी उभे राहिलो तर त्याचा वरचा निम्मा भाग नव्हताच. पायऱ्या वर चढत जाऊन धुक्यात विरल्या होत्या. टोकावर छत्री आहे हे फोटोत पाहिलं होतं म्हणून माहीत.

दारापाशी एक वयस्क गाइड ठरवायला गेलो तर त्यांनी हात जोडले. "बाबूजी, आज मैं क्या दिखाऊँ? सूरज ही नहीं है. आज पैसे मत दीजिए, कल आइए." गिऱ्हाईक आपणहून परत पाठवणारा गाइड मला आजवर भेटला नव्हता. शेजारी दुसऱ्याच एका गाइडचा घोळका पिवळ्या भिंतींकडे बोटं दाखवत, माना डोलवत फिरत होता, आणि एकाही पट्टीवर सावली नव्हती.

ऊन नसलेलं जंतरमंतर म्हणजे वाळवण न घातलेली गच्ची. भिंती, पायऱ्या, खळगे, सगळं जागच्या जागी, पण कशाचा काही उपयोग नाही. तरी तासभर फिरलो, आणि त्याचाही एक फायदा झाला. सावली नसल्यामुळे बांधकामाकडे लक्ष गेलं. अंशांच्या खुणा, चुन्याचा गुळगुळीत गिलावा, संगमरवराचे सांधे. जयसिंहाने आधी पितळेची यंत्रं करून पाहिली होती. ती लहान, त्यांचे आस झिजतात, मध्य हलतो. म्हणून हा दगडचुन्याचा अवाढव्य खटाटोप. यंत्र जितकं मोठं तितके अंशाचे भाग बारीक पाडता येतात. आज दिसतं ते मात्र सगळं मूळचं नाही. १९०१ च्या सुमारास मोठी दुरुस्ती झाली, ती गॅरेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, आणि त्याला मदतीला होते पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी. तेच, हिंदीतले कथाकार. तेव्हा ते विशीतही नव्हते.

राशिवलय यंत्रांपाशी धुक्यातही गर्दी होती. बारा राशींची बारा छोटी यंत्रं, प्रत्येकावर राशीचं चित्र. जो तो आपली रास शोधून तिच्यापुढे फोटो काढत होता. "आपण नको हं," असं म्हणून बाबा स्वतःच वृश्चिकेपाशी दोन मिनिटं रेंगाळले. प्रत्येक यंत्राची भिंत वेगळ्या दिशेला आणि वेगळ्या कोनात झुकलेली आहे, कारण ती ती रास मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येते त्या क्षणापुरतंच ते यंत्र वापरायचं असतं. फोटोच्या घाईत हे कुणी बघत नाही.

दुपारी प्याज कचोरी. कढईतून काढलेली, वरचा पापुद्रा अंगठ्याने फोडला की वाफेबरोबर कांदा आणि बडीशेपेचा वास येतो. रात्री बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि गट्ट्याची भाजी. भाकरी आपल्यापेक्षा जाड, वर तुपाचा गोळा. हॉटेलातला गिझर बंद होता, त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

२५ डिसेंबर, जयपूर

सकाळी पुन्हा धुकं. नऊ, साडेनऊ, दहा. चहाच्या टपरीवर कुल्हड हातात धरून तिघं आभाळाकडे बघत बसलो होतो. साडेदहाला धुक्यात एक पांढरी चकती दिसली, चंद्रासारखी, नुसत्या डोळ्यांनी बघता येईल अशी. पावणेअकराला रस्त्यावर आमच्याच सावल्या उमटल्या आणि बाबा कुल्हड टाकून जवळजवळ पळत सुटले.

पुन्हा तिकिटं काढली. कालचे गाइड दाराशीच होते, आम्हाला बघून हसले. "आइए. अब दुकान खुली है."

आत तेच आवार, पण ओळखू येऊ नये असं. प्रत्येक यंत्रावर आता एकेक काळी धार होती आणि ती हलत होती. आधी जयप्रकाश यंत्र. जमिनीत बसवलेले संगमरवराचे दोन मोठे खोलगट वाडगे, उपड्या आकाशासारखे. वर ताणलेल्या तारांच्या मधोमध एक कडं, त्याची सावली वाडग्यात पडते तिथे सूर्य. वाडगे सलग नाहीत, पट्ट्या-पट्ट्यांचे आहेत. एकात जिथे पट्टी तिथे दुसऱ्यात मोकळी जागा, दोन्ही मिळून एक आकाश पुरं होतं. मोकळ्या जागेत उतरून रात्री ताऱ्यांचे वेध घ्यायचे. ही कल्पना खुद्द जयसिंहाची. कड्याची सावली तिथे कोरलेल्या मकरवृत्ताला चिकटून बसली होती. "हे बघ," बाबा मुलाला म्हणाले, "माझा फळा."

मग मोठं सम्राट यंत्र. सत्तावीस मीटर उंच, म्हणजे आठ-नऊ मजले. मुलाने फोन धरला, कोनही सत्तावीस अंश. वर जायला पायऱ्या आहेत, पण पर्यटकांना चढू देत नाहीत. दरवर्षी आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी मात्र ज्योतिषी वर जातात, ध्वज धरून वारा कुठून वाहतो ते बघतात आणि त्यावरून पावसाचा अंदाज सांगतात. बाबांनी यावर मत दिलं नाही, फक्त 'हं' म्हणाले.

सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्टीवर वरच्या टोकाला असते. दुपारपर्यंत ती खाली उतरते आणि मग पूर्वेच्या पट्टीवर चढू लागते. म्हणून जाण्याची वेळ अकरा ते एक. तेव्हा सावली खालच्या भागात, आपल्या डोळ्यांच्या टप्प्यात असते. गाइडनी मुलाला कठड्यापाशी उभं केलं. "बेटा, अब पलक मत झपकाना." सावलीच्या कडेपुढे त्यांनी हवेतच चार बोटं आडवी धरली. आम्ही बघत राहिलो. एवढी मोठी सावली, एवढ्या मोठ्या भिंतीची, आणि ती दिसेल अशी सरकत होती. तासकाटा सरकताना कुणाला दिसतो? इथे सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. मिनिटभरात चार बोटांची जागा काळी झाली. आपण एरवी याला सूर्य सरकला म्हणतो. मला पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटलं.

या यंत्रावर दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते असं सगळीकडे सांगतात. पट्टीवर तेवढ्या बारीक खुणा आहेतही, एकेक दोन मिलिमीटरची. पण जवळून बघितलं तर सावलीची कड धारदार नसते. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे. त्यामुळे उजेड आणि सावलीच्या मध्ये पाच-सहा बोटं रुंद धूसर पट्टा असतो. मग दोन सेकंद कुठले? मी हे विचारल्यावर गाइडना फार आनंद झाला. झाडणाऱ्या बाईंकडून त्यांनी खराट्याची एक काडी मागून आणली आणि पट्टीच्या किंचित वर, भिंतीच्या कडेला समांतर धरली. काडीची सावली मात्र पेन्सिलीच्या रेघेसारखी स्पष्ट. ती धूसर पट्ट्यातून हळूहळू काळोखाकडे नेली. एका जागी ती मोठ्या सावलीत मिसळून नाहीशी झाली. ती खूण वाचायची, मग सूर्याच्या अर्ध्या बिंबाचा, साधारण एका मिनिटाचा, हिशेब करायचा. त्या काळी यासाठी दोरा वापरत. एवढं अवाढव्य यंत्र, आणि ते अचूक होतं खराट्याच्या काडीने!

यंत्रावर अकरा वाजून तेहतीस, माझ्या मनगटावर बरोबर बारा. सत्तावीस मिनिटांचा फरक. "उंची सत्तावीस, कोन सत्तावीस, मिनिटं सत्तावीस," मुलगा म्हणाला. योगायोग आहे, आणि मिनिटांचा तर आजच्यापुरताच. २५ डिसेंबरच्या आसपास सूर्य आणि घड्याळ यांच्यातला वर्षभर कमी-जास्त होणारा फरक जवळजवळ शून्यावर येतो, त्यामुळे उरतो फक्त रेखांशाचा. फेब्रुवारीत गेलात तर यंत्र चाळीस मिनिटं मागे दिसेल, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम दहा. आवारात दुरुस्तीची मिनिटं लिहिलेली असतात, ती बघूनच घड्याळ ताडून पाहा.

नंतर सावलीत बसून तिळाची गजक खाताना बाबांना मी माझी शंका विचारली. जयपूरची पायाभरणी १७२७ ची. त्याच वर्षी न्यूटन वारला. युरोपात दुर्बिणी होत्या, आणि हा राजा भिंती बांधत होता. मग हे सगळं उशिरा नाही का झालं? बाबा म्हणाले, "अगं, त्याने पोर्तुगालहून फ्रेंच खगोलज्ञ ला हायरची ग्रहांची कोष्टकं मागवली होती. ताडून बघितल्यावर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली. भिंत बांधून पाश्चात्त्यांची चूक काढली त्याने." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तुझं म्हणणंही खरं आहे. पृथ्वी फिरते ते काही त्याच्या कोष्टकात आलं नाही." 'झीज-ए-मुहम्मदशाही' नावाने स्वतःची कोष्टकं त्याने दिल्लीच्या बादशहाला अर्पण केली. १७४३ मध्ये जयसिंह गेला आणि वेध घेणंही थंडावलं. मला स्वतःला वाटतं, दुर्बिणीशी तुलना करत इथे फिरू नये. सावली बघावी.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन. धुक्याच्या दिवशी जाऊ नका, तिकीट काढण्याआधी आभाळ बघा. गाइड जरूर करा, पण आधी एकच यंत्र नीट समजून घ्यायचंय असं सांगा, नाहीतर तासाभरात एकोणीस यंत्रं उरकतात. टोपी आणि पाणी हिवाळ्यातही लागतं, पांढऱ्या दगडावरून ऊन डोळ्यांत जातं. शेजारीच सिटी पॅलेस आणि हवामहल आहेत, ते दुपारनंतर. आम्ही मात्र साडेतीनपर्यंत तिथेच होतो. सावली पूर्वेच्या पट्टीवर बरीच वर चढून गेली तेव्हा निघालो.

परतीची गाडी रात्रीची. बाजारात मोजड्या बघत होतो, गजकेचे डबे घेत होतो. बाबांचं घड्याळ बॅगेत, माझा फोन चार्जिंगअभावी बंद पडलेला. बाबा मधूनमधून नातवाला वेळ विचारत होते आणि तो सांगत होता. निवांत होतो. कुल्फी खाल्ली. रिक्षा स्टेशनच्या वाटेला लागल्यावर रस्त्यावरच्या एका मोठ्या घड्याळाकडे माझं लक्ष गेलं आणि पोटात गोळा आला. चिरंजीवांनी दुपारीच आपलं घड्याळ सम्राट यंत्राला लावून घेतलं होतं. "मी खरी वेळ सांगत होतो," तो म्हणाला.

बाबा रिक्षात हसत सुटले, मी ओरडत, रिक्षावाला हॉर्न वाजवत. डबे सावरत जिना चढून फलाटावर पोचलो तेव्हा फलक बघितला. धुक्यामुळे गाडी सव्वा तास उशिरा होती.